कोर्लईहून लिस्बनला जायची वाट

श्री. आंतोनिओ कॉस्टा,
अध्यक्ष, युरोपियन कौन्सिल, ब्रुसेल्स यांस



हे पत्र रेवदंड्याहून लिहितो आहे. रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका नदी समुद्राला मिळते त्या तोंडावरचं हे गाव. आमचं घर आगरकोटात आहे. आगरकोट म्हणजे तुमच्या पोर्तुगीज पूर्वसुरींनी बांधलेली तटबंदी. आज तिच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, शेंदायला विहिरी आहेत आणि वाड्यांच्या मधोमध पडक्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. भरतीच्या वेळी बंदरावर उभं राहिलं की खाडीपलीकडे एक लांबुळका डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. तो कोर्लईचा किल्ला. त्याच्या पायथ्याशी असलेल्या गावासाठी हे पत्र आहे.

तुम्हालाच का लिहितो आहे, ते आधी सांगतो. तुमचे वडील ओर्लांदो दा कॉस्टा मडगावच्या घराण्यातले, लेखक. तुम्ही पोर्तुगालचे न्यायमंत्री होता, गृहमंत्री होता, लिस्बनचे महापौर होता, नंतर आठ वर्षांहून अधिक काळ पंतप्रधान. परदेशी माणसाने देशात कसं यावं, किती दिवस राहावं आणि कोणत्या नात्याने राहावं, याचे नियम तुम्ही राबवले आहेत. २०१७ च्या जानेवारीत बेंगळुरूच्या प्रवासी भारतीय दिवसाला तुम्ही प्रमुख पाहुणे म्हणून आलात आणि आमच्या पंतप्रधानांच्या हातून तुम्हाला परदेशस्थ भारतीय नागरिकाचं ओसीआय कार्ड मिळालं. त्या कार्डाच्या नियमांत एक कलम आहे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर जो प्रदेश भारतात सामील झाला, तिथल्या माणसांना आणि त्यांच्या वंशजांनाही ते मिळू शकतं. हे कलम गोव्यालाही लागू पडतं. म्हणजे भारताने मागे वळून पाहिलं, तुमच्या आजोबांचं घर ओळखलं आणि तुम्हाला आजन्म दार उघडं ठेवलं. मला त्याचा आनंदच आहे. असंच मागे वळून पाहण्याची विनंती मी तुमच्या देशाला करतो आहे.

कोर्लईत हजाराच्या आतबाहेर माणसं अशी आहेत, जी घरात पोर्तुगीज बोलतात. लिस्बनची पोर्तुगीज नव्हे, तिच्यातून इथेच जन्मलेली क्रिओल बोली. ती माणसं तिला ‘आमची भाषा’ एवढंच म्हणतात, त्यांच्याच शब्दांत. आडनावं रोझारिओ, डिसोझा, मार्टिस, रोचा. बायका चुलीपाशी, पोरं अंगणात, म्हातारी माणसं चर्चच्या पायरीवर हीच भाषा बोलतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठी, आमच्यासारखं क्रियापद शेवटी. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीवर अनेक वर्षं काम केलं आणि १९९६ साली त्यांचं पुस्तक आलं.

ही भाषा इथे टिकली कशी, तेही सांगायला हवं. पोर्तुगीज चौलला १५०५ मध्ये आले. १५०८ मध्ये चौलच्याच पाण्यात व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो लढाईत मारला गेला. पुढे रेवदंड्याला कोट उभा राहिला. समोरचा कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडे होता, तो १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. किल्ल्यावर शिबंदी होती, चर्च होतं, बाटवलेली स्थानिक माणसं होती, मिश्र संतती होती. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आली. ज्यांना परवडलं ते पोर्तुगीज गलबतांत बसून गोव्याला गेले. जे गरीब होते ते राहिले आणि डोंगरावरून खाली येऊन शेती करू लागले. धर्म वेगळा म्हणून शेजारच्या हिंदू गावांशी सोयरीक नाही, दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी, आणि समुद्रापलीकडून कुणी विचारपूस करायला आलं नाही. त्या एकटेपणात भाषा तगली. चर्चमध्ये मात्र पोर्तुगीजचा वावर बराच काळ राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत होऊ लागली, शाळा मराठीच होती, आणि मग ती बोली फक्त घराची राहिली.

यात माझाही वाटा आहे, तो कबूल करतो. मी बत्तीस वर्षं शिक्षक होतो. कोर्लईची मुलं माझ्या वर्गात असत. मधल्या सुट्टीनंतर ती आपसात त्यांच्या बोलीत कुजबुजत वर्गात येत आणि मी दरडावायचो, ‘मराठीत बोला.’ त्यांचं मराठी चांगलं व्हावं हा हेतू खरा होता. पण आपण काय गप्प करतो आहोत, याची जाण मला नव्हती. ज्या दिवशी एका परदेशी विद्यापीठातल्या माणसाने या पोरांच्या बोलीवर ग्रंथ लिहिल्याचं कळलं, त्या दिवशी मला झोप लागली नाही. या पत्रामागे तीही एक रात्र आहे.

आता नियमांकडे येतो.

कोर्लईच्या एखाद्या मुलीला लिस्बन पाहायचं असेल, आपल्या बोलीतले शब्द तिथे कसे उच्चारतात ते ऐकायचं असेल, तर तिला शेंगेन व्हिसा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. जून २०२४ पासून फी ९० युरो आहे, म्हणजे अर्ज फेटाळला तरी परत न मिळणारे नऊ हजारांवर रुपये. वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. बँकेचं खातेपत्रक, आयकराचे कागद, राहण्याच्या जागेचा पुरावा, परतीचं तिकीट. पोर्तुगालच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे प्रवेशाला ७५ युरो आणि राहण्याच्या प्रत्येक दिवसाला ४० युरो खर्चायची ऐपत दाखवावी लागते. बोटांचे ठसे द्यायला ती मांडव्याहून लाँचने मुंबईच्या गेटवेला जाणार, तिथून पुढे व्हिसा केंद्रात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर नवी नोंदयंत्रणा सुरू झाली, तिथे उतरल्यावरही चेहरा नोंदवायचा आणि ठसे तपासून घ्यायचे.

हे नियम अन्यायाचे आहेत असं मी म्हणत नाही. प्रत्येक देशाला आपल्या उंबरठ्यावर कोण आलं ते विचारायचा हक्क आहे. आमच्या अलिबाग-मुरुडच्या पट्ट्यातली घरगुती निवास चालवणारी माणसंसुद्धा परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला भरून पाठवतात. माझं म्हणणं वेगळं आहे. कागदांच्या या यादीत कोर्लईच्या मुलीची शेतीची रोकड, मासळीच्या हंगामातली कमाई, एकत्र कुटुंबातलं घर यांपैकी काहीच नीट बसत नाही. तिच्याकडे जे आहे, जे भारतातल्या फार थोड्या माणसांकडे आहे, त्याला त्या अर्जात रकानाच नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा अर्ज अशाच एका युरोपीय देशाने फेटाळला होता. देशाचं नाव सांगत नाही, कारण छापील कारणांचा तो नमुना सगळ्या शेंगेन देशांत एकच असतो. खूण होती ती या कारणावर: व्हिसाची मुदत संपण्याआधी देश सोडण्याचा अर्जदाराचा इरादा खात्रीचा वाटत नाही. तो मुलगा आईवडिलांची दोन बिघे भातशेती आणि म्हातारी आजी सोडून कुठे राहणार होता? पण परत येण्याची ही कारणं कागदावर उमटत नाहीत.

नियमाला नातं ओळखता येत नाही, असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही. तुमच्या देशाच्या कायद्याला नाती उत्तम ओळखता येतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्या माणसाला लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिक होता येतं आणि मग त्याच्या मुलांनाही. त्यासाठी त्याला पोर्तुगीजचा एक शब्द यायची गरज नाही. या वाटेने हजारो गोंयकार युरोपात गेले. ब्रेक्झिटच्या आधी इंग्लंडमधल्या स्विंडनसारख्या शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. त्यांना मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. गोव्याची सत्ता १९६१ मध्ये संपली, कोर्लईची १७४० मध्ये. मधल्या २२१ वर्षांच्या फरकामुळे, ज्याला भाषा येत नाही त्याला पारपत्र मिळतं आणि जो ती रोज बोलतो त्याला पर्यटकाच्या रांगेत उभं राहावं लागतं.

२२१ वर्षं फार झाली, असं म्हणाल तर तुमच्याच संसदेचा २०१३ चा कायदा आठवा. राजा मानुएलने १४९६ मध्ये पोर्तुगालमधल्या ज्यूंना देश सोडायचा हुकूम काढला. पाचशे वर्षांनी, २०१३ मध्ये, पोर्तुगालने त्यांच्या वंशजांना नागरिकत्वाचा मार्ग खुला केला आणि २०१५ पासून तो अमलात आला. पुढे त्याचे नियम कडक झाले, तो भाग वेगळा. त्या कायद्यात पोर्तुगालशी असलेल्या नात्याचे पुरावे म्हणून जे सांगितलं आहे त्यात दोन गोष्टी नावानिशी आहेत: आडनाव आणि घरात बोलली जाणारी भाषा. मी हे वाचलं तेव्हा थांबलो आणि पुन्हा वाचलं. आडनाव आणि घरातली भाषा. कोर्लईकडे नेमक्या याच दोन गोष्टी आहेत. पाचशे वर्षांपूर्वी हाकलून दिलेल्यांची आठवण ठेवणं हे तुमच्या देशाने केलेलं मोठं काम आहे. मागे सोडून दिलेल्यांची आठवण त्याच मनाने ठेवता येईल.

पोर्तुगीजभाषी देशांच्या समूहातही तुम्ही भाषेला नातं मानलंच आहे. ब्राझील, अंगोला, मोझांबिक, केप व्हर्दे, पूर्व तिमोर यांच्या नागरिकांसाठी २०२१ मध्ये लुआंडात ये-जा सुलभ करण्याचा करार झाला आणि २०२३ मध्ये पोर्तुगालने त्यांच्यासाठी वेगळा निवास परवाना सुरू केला. भारतही २०२१ पासून या समूहाचा सहयोगी निरीक्षक आहे. पण निरीक्षक देशाच्या नागरिकाला त्यातलं काही मिळत नाही. माणसाची जीभ कोणती आहे यापेक्षा त्याचं पारपत्र कोणतं आहे, हे तिथे पाहिलं जातं.

आणि पैशाचं नातं तर सगळ्यात लवकर ओळखलं गेलं. २०१२ पासून पाच लाख युरोंचं घर घेणाऱ्याला पोर्तुगालचा निवास परवाना मिळू लागला, वर्षाला सरासरी सात दिवस तिथे राहिलं तरी पुरे. घरांच्या किमती भडकल्या म्हणून २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग बंद केला गेला, गुंतवणुकीचे इतर मार्ग चालू राहिले. ज्याने पोर्तुगालमध्ये फक्त पैसे ठेवले त्याच्यासाठी कायद्यात एक खास नाव आणि खास रकाना आहे.

इथे आमच्या बाजूचीही एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पत्र अर्धं राहील. सोळाव्या शतकापासून या समुद्रात पोर्तुगीजांचा कार्ताझ चाले. आमच्या बंदरातून निघणाऱ्या गलबताला पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे. त्यात नाखवा कोण, माल काय, हत्यारं किती, जाणार कुठे हे लिहिलेलं असे आणि त्यांच्या ठाण्यावर जकात भरावी लागे. परवाना नसेल तर गलबत जप्त. स्वतःच्या समुद्रात फिरायला परक्याची चिठ्ठी. याच किनाऱ्यावर कुलाब्याला बसून कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचं दस्तक चालू केलं आणि १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांची संयुक्त स्वारी कुलाब्यासमोरून परतवून लावली. मी त्या आंग्र्यांच्या मुलखातला माणूस आहे. बाटवाबाटवी, जाळपोळ, पाडलेली देवळं, यातलं काहीही मी विसरलेलो नाही, आणि या पत्रात पोर्तुगीज राजवटीचं गुणगान एका शब्दानेही करत नाही. पण कोर्लईची माणसं ती राजवट नव्हेत. त्यांना ती राजवट सोडून गेली. ती भारतीय आहेत, मराठी बोलतात, आमच्या शेजारी राबतात आणि त्यांच्या तोंडी जगातली एक दुर्मिळ भाषा आहे. तिची काळजी आम्हीही घेतली नाही आणि तुम्हीही नाही.

म्हणून मी नागरिकत्व मागत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि कोर्लई रिकामं करून ती भाषा वाचणार नाही, उलट मरेल. मला लहान मागण्या करायच्या आहेत आणि त्यांतली पहिली तर आजच्या नियमांतच बसते. शेंगेन व्हिसा संहितेच्या १६ व्या कलमात सांस्कृतिक हितासाठी फी माफ करायची किंवा कमी करायची सोय आहे. शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना तर फी नाहीच. कोर्लईची मंडळी आपल्या भाषेच्या कामासाठी जातील तेव्हा हे कलम त्यांना लावावं, आणि बँकेच्या खात्याऐवजी गावाच्या चर्चचं आणि ग्रामपंचायतीचं पत्र हा परतीचा पुरावा म्हणून विचारात घ्यावा.

दुसरी मागणी पोर्तुगालकडे आहे, तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे म्हणून तुमच्यापाशी मांडतो. दरवर्षी कोर्लईच्या चार-पाच तरुणांना एका शैक्षणिक वर्षापुरता निवास परवाना आणि शिष्यवृत्ती द्यावी. त्यांनी तिथल्या विद्यापीठात भाषा शिकावी, अभिलेखागारात चौलचे कागद वाचावेत आणि परत यावं. आज लिस्बनच्या कागदांत आमच्या किनाऱ्याचा दोन शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि तो वाचू शकणारी माणसं रायगड जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नाहीत. कोर्लईची मुलं ती होऊ शकतात. त्या मुलांना निवडताना त्यांची बोली ही पात्रता मानावी. नागरिकत्वासाठी पोर्तुगीजची जी परीक्षा आहे तिच्या मोजपट्टीने ती बोली मोजू नये, कारण ती चुकीची पोर्तुगीज नाही, ती वेगळी भाषा आहे.

तिसरं म्हणजे वाट दोन्ही बाजूंची असावी. कामोंइश संस्था जगभर पोर्तुगीज शिकवायला माणसं पाठवते. एक शिक्षक काही महिने कोर्लईला येऊन राहिला तर त्याच्यासाठी घर आम्ही बघू. तुमच्या नागरिकांना भारताचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. आजही एखादा पोर्तुगीज पर्यटक किल्ला बघायला येतो, दरवाजावरचे शिलालेख वाचतो, खाली उतरून गावात शिरतो आणि एखाद्या आजीचं बोलणं ऐकून जागीच थांबतो. तिने त्याच्या गावी जायचं ठरवलं तर तिला काय काय लागेल, हे त्याला बहुधा माहीत नसतं.

तुमच्या देशात आणि अख्ख्या युरोपात सध्या परक्यांविषयी भीतीचं वातावरण आहे, हे मी वर्तमानपत्रांतून वाचतो. २०२४ च्या जूनमध्ये पोर्तुगालने पर्यटक म्हणून येऊन नंतर निवास मागायची वाट बंद केली. दार बंद करायची राजकीय कारणं असतील. पण एका गावातल्या हजारभर माणसांसाठी एक छोटी खिडकी ठेवल्याने कुणाची नोकरी जात नाही आणि कुणाचं घर महाग होत नाही.

आणखी एका प्रवाशाची आठवण सांगून थांबतो. पोर्तुगीजांच्या आधी, १४६९ च्या सुमारास, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी याच चौलला उतरला. तो आत जुन्नरला गेला तेव्हा तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, मगच घोडा देतो, म्हणाला. खुरासानहून आलेला एक भला माणूस मध्ये पडला, तेव्हा निकितिनचा घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. नियम खानाचा होता. मध्ये पडणारा माणूस भेटला म्हणून परका माणूस वाचला. आज रेवदंड्यात निकितिनचं स्मारक आहे.

कोर्लईसाठी तुम्ही मध्ये पडा, एवढीच विनंती आहे. आणि पत्राला उत्तर देण्याआधी शक्य झालं तर एकदा इकडे या. पावसाळा संपल्यावर या, तेव्हा किल्ल्याची वाट निसरडी नसते. माउंट कार्मेल मातेच्या चर्चपाशी उभं राहून पोर्तुगीजमध्ये काहीही विचारा, उत्तर मिळेल. तुमच्याकडे भारताचं ते कार्ड आहे, तुम्हाला व्हिसा लागणार नाही.

आपला,
रेवदंड्याचा एक निवृत्त शिक्षक